लाल विंचू, स्वस्त गोळी आणि पहिला तास

विंचू हा मराठी माणसाच्या जुन्या ओळखीचा प्राणी. एकनाथांच्या भारुडापासून 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीपर्यंत तो भाषेत ठिकठिकाणी भेटतो. मात्र शहरात वाढलेल्या पिढीची त्याच्याविषयीची समजूत एवढीच असते, की विंचू चावला तर भयंकर ठणका लागतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी सारे ठीक होते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते, विशेषतः दंश झालेली व्यक्ती लहान मूल असेल तर.

प्रभावी औषधोपचार हाती येण्यापूर्वीच्या काळात पश्चिम भारतातील लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. योग्य उपचार वेळेत मिळाल्यास आज हे प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी राहते. हा फरक कोणत्याही भव्य रुग्णालयामुळे, अतिदक्षता विभागामुळे किंवा नव्या संशोधित औषधामुळे पडलेला नाही. रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली एक स्वस्त गोळी आणि एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या खाटेशी बसून केलेले निरीक्षण, एवढ्याच भांडवलावर तो घडला. साधने तुटपुंजी असताना तातडीचे उपचार कसे द्यायचे, हा प्रश्न जगभरातील आरोग्य व्यवस्थांना आजही सतावतो. त्याचे एक उत्तर महाड तालुक्यात सापडले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

बिरवाडीचे आरोग्य केंद्र

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. विंचूदंशाचे रुग्ण येथे नवे नव्हते. जांभ्या दगडाची जमीन, कौलारू घरे, अंगणात रचलेली लाकडे, भाताचा पेंढा आणि अनवाणी पाय असे सारे विंचवाला अनुकूल. नवे होते ते तरुण डॉक्टरचे चक्रावून जाणे. कारण वैद्यकीय महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकांत या आजाराविषयी फारसे काहीच नव्हते. जी पुस्तके परदेशात लिहिली गेली, त्यांच्या लेखकांनी लाल विंचू पाहिलेला नव्हता.

आरोग्य केंद्रात येणाऱ्या मुलांचे चित्र साधारण सारखे असे. दंश झाल्यावर थोड्याच वेळात उलट्या सुरू होत. अंग घामाने निथळे. हातपाय बर्फासारखे थंड पडत. काही तासांनी श्वास लागे, छातीत घरघर सुरू होई, तोंडातून गुलाबी फेस येई आणि मूल हातचे जाई. मुंबई रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्या काळच्या रस्त्याने आणि त्या काळच्या वाहनांनी तिथवर पोहोचण्याआधीच सारे संपलेले असे.

बावस्कर यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, छातीत घरघर केव्हा लागली, हे सारे तासागणिक कागदावर उतरू लागले. ज्या ठिकाणी क्ष-किरण यंत्राचाही भरवसा नसतो, तेथे घड्याळ, रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि वही हीच प्रयोगशाळा असते. या नोंदींतून काही गोष्टी ठळक झाल्या. उलट्या, भरपूर घाम, मुलग्यांमध्ये लिंगाला येणारी ताठरता आणि थंड पडलेले हातपाय ही पुढे हृदय व फुफ्फुसे संकटात येणार असल्याची पूर्वसूचना आहे, असे त्यांना आढळले. त्यांचा यावरील लेख १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातील आणखी एक निरीक्षण मोठे विलक्षण आहे. दंशाच्या जागी असह्य वेदना होऊन जो रुग्ण आकांत करतो, त्याच्या शरीरात विष फारसे पसरलेले नसण्याची शक्यता अधिक असते. उलट ज्याला वेदना फारशी जाणवत नाही, पण जो घामाघूम होऊन निपचित पडतो, त्याची चिंता करायला हवी. असा रुग्ण बरा होऊ लागला की दंशाच्या जागेचा ठणका परत येतो. घरातील माणसे नेमकी उलटी समजूत करून घेतात. ओरडणाऱ्या मुलाला घेऊन धावपळ होते आणि गप्प पडलेल्या मुलाला 'झोप लागली' म्हणून तसेच ठेवले जाते.

विष नेमके काय करते

मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमचे कण आत येण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश पुढे गेला की ती बंद व्हावी लागतात. लाल विंचवाचे विष ती बंद होऊ देत नाही. परिणामी मज्जातंतू सतत संदेश पाठवीत राहतात आणि आपल्या इच्छेवर अवलंबून नसलेली शरीरातील सारी यंत्रणा (घाम, लाळ, नाडी, रक्तवाहिन्यांचे आकुंचन) एकाच वेळी बेभान होते. पहिल्या टप्प्यात उलट्या, घाम आणि लाळ. दुसरा टप्पा खरा घातक. संकटकाळी शरीराला सज्ज करणारी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात ओतली जातात आणि सर्वदूर रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय थंड पडतात ते यामुळेच. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा भाग थकतो, मागे रक्त तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. तोंडातून येणारा गुलाबी फेस म्हणजे हेच पाणी. चांगल्या पोसलेल्या निरोगी मुलाचे हृदय काही तासांत असे कोलमडते.

हे कळल्यावर आधीच्या उपचारांतील चुकाही उघड झाल्या. त्या काळी विंचूदंशावर ॲट्रोपिन दिले जाई. घाम आणि लाळ थांबते म्हणून ते बरे वाटे. पण आधीच धावत असलेल्या हृदयाला ते आणखी पळवते. स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शने सर्रास टोचली जात. त्यांचा उपयोग नव्हता; पण काहीतरी केल्याचे समाधान डॉक्टरला आणि नातेवाइकांना मिळे, आणि त्या समाधानात मोलाचा वेळ जाई. ग्रामीण दवाखान्यांतील उपचारांचा इतिहास लिहायचा झाला तर अशा समाधानकारक इंजेक्शनांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हाच उपाय, हे तर्काने ठरले. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध होते. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, बाटली आणि नळी प्रकाशापासून झाकावी लागते, दर काही मिनिटांनी रक्तदाब तपासावा लागतो. थेंब चुकला तर रक्तदाब एकदम कोसळतो. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि वाट पाहणारे चाळीस बाह्यरुग्ण अशा ठिकाणी हे औषध म्हणजे तारेवरची कसरत. ते अतिदक्षता विभागात शोभणारे औषध होते.

गोळी

प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी तेव्हा दुकानांत मिळत होती. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील ज्या ठिकाणी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये चिकटून त्यांना आवळतात, तीच ठिकाणे ही गोळी अडवते. म्हणजे विषाने उठवलेल्या वादळाच्या नेमक्या उलट दिशेने ती काम करते. ती तोंडाने देता येते. शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही. बावस्कर यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेल्या उपचारांचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले. पुढे भारताच्या अन्य भागांत आणि पश्चिम आशियातील काही देशांतही डॉक्टरांनी हा उपचार स्वीकारला. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

गोळी सोपी असली तरी उपचार सोपा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम आणि मुलांना वजनाच्या मानाने त्याहून कमी अशी मात्रा दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होईपर्यंत दिली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब झपकन उतरण्याचा धोका असल्याने रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. कौतुकाने बाळाला कडेवर उचलून घेणारी आजी या वेळी अडचणीची ठरते. उलट्या आणि घामातून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी तोंडाने द्रव द्यावा लागतो. फुफ्फुसांत आधीच पाणी साचले असेल तर गोळी एकटी पुरत नाही. प्राणवायू आणि शिरेतून द्यायची औषधे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही गोळी ज्याला केवळ दंशाच्या जागी दुखते आहे, त्याच्यासाठी नाही. घाम, उलटी, थंड हातपाय या खुणा दिसल्या तरच ती द्यायची. घरात ठेवून आपल्या मनाने देण्याची ही वस्तू नव्हे.

गोळीचे खरे सामर्थ्य तिच्या किमतीपेक्षा ती कुठे देता येते यात आहे. जे औषध ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य केंद्रात, अगदी एका खोलीच्या दवाखान्यातही देता येते, ते पहिल्या तासात मिळते. जे फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, ते तिसऱ्या किंवा पाचव्या तासात मिळते. लाल विंचवाच्या बाबतीत हे दोन वेगळे उपचार मानावे लागतील, मग औषध तेच का असेना.

लस आली, तरी

विंचवाच्या विषावरील लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होऊ लागली. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की गोळी पुरेशी की लसही हवी? महाडमध्येच याची चाचणी झाली. ७० रुग्णांचे दोन गट केले गेले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर लस. दहा तासांच्या आत लस मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले, तर केवळ गोळी घेणाऱ्यांपैकी ८. हे निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत असलेली ही चाचणी होती आणि मृत्यूचे प्रमाण तोलता येईल एवढी तिची संख्या मोठी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. पण ज्या डॉक्टरने गोळीला नाव मिळवून दिले, त्यानेच ती एकटी कमी पडते हे आकड्यांनिशी मांडावे, याला वैद्यक क्षेत्रात मोल आहे.

याच सुमारास अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वेगळ्या जातीच्या विंचवावर अशीच एक चाचणी झाली. तेथे १५ मुलांना बालकांच्या अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले होते. लस मिळालेली आठही मुले चार तासांत बरी झाली; न मिळालेल्या सातपैकी एकच. ती लस मेक्सिकोत तयार होते आणि तेथे ती तुलनेने स्वस्त आहे. अमेरिकेत तिला २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि एकेका कुपीसाठी रुग्णालये हजारो डॉलर आकारू लागली. साधनांचा तुटवडा म्हणजे नेहमीच गरिबी असते असे नाही, हे यावरून दिसते. ॲरिझोनातही मूल किती वेळात आणि किती खर्चात बरे होईल, हे विंचवापेक्षा बाजार ठरवतो.

घोणस, मण्यार आणि काचेची नळी

विंचवाच्या प्रश्नाचा थोरला भाऊ म्हणजे सर्पदंश. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक मुले १५ वर्षांखालील होती आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते. रुग्णालयांच्या दफ्तरी असलेल्या नोंदी या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, कारण मोठ्या संख्येने माणसे रुग्णालयाबाहेरच मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घातले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली.

सर्पदंशात लस हाच मुख्य उपचार आहे आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. पावडरीच्या रूपातील कुपीला शीतपेटीची सक्ती नसते. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच, कारण साप चावताना वय पाहत नाही. अडचण वेगळीच असते: लस द्यायची की नाही हे ठरवायचे कसे? साप चावला म्हणजे विष भिनलेच असे नाही, आणि घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या या लसीची तीव्र प्रतिक्रिया काही रुग्णांत येते.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हे ओळखण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे ताजे रक्त घ्यायचे, ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त वाहिले, तर विष भिनले. इतकी साधी चाचणी जगात क्वचितच असेल, आणि ती इतक्या साध्या कारणांनी फसावी हेही क्वचितच घडत असेल. नळी साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष चुकतो. नळी प्लास्टिकची असली तर चुकतो. मध्येच कोणी उत्सुकतेने हलवून पाहिली तरीही चुकतो. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या एकदा वापरून फेकायच्या नळ्या आल्या आहेत. त्यामुळे या एका चाचणीसाठी काचेच्या चार नळ्या कपाटात जपून ठेवाव्या लागतात.

मण्यारीचे तर रूपच निराळे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे रुग्णाच्या पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि मग श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. येथे लस वेळेत दिली तरी श्वास काही काळ दुसऱ्या कोणाला द्यावा लागतो. व्हेंटिलेटर नसेल तर हाताने दाबायची रबरी पिशवी असते. त्या पिशवीच्या जोरावर, आळीपाळीने ती दाबणाऱ्या परिचारिका, शिपाई आणि नातेवाइकांच्या हातांवर रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवता येतो. ती दाबायची कशी हे शिकवायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कोणत्या प्रशिक्षण कार्यक्रमात बसवायचा, यावर मात्र वर्षे जातात.

मणी आणि ड्रम

तातडीचे उपचार म्हणजे डॉक्टरच, हेही गृहीत धरण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे काम गावातल्या स्त्रियांच्या हाती दिले. न्यूमोनियात मुलाचा श्वास जलद चालतो. पण ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नाही त्यांनी श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांची पाटी तयार झाली. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. ठरलेल्या वेळेत तांबड्या मण्यापर्यंत पोहोचले, तर मुलाला औषध सुरू करायचे. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले, तर घरीच नवजात बालकाची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे १९९९ मध्ये. त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली.

त्याहीपूर्वी, १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी ड्रममध्ये भरून कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजायला लावले. पाजणारे होते रुग्णांचेच नातेवाईक. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 'ओआरएस'च्या पुडीमागे ही छावणी आहे.

'पुढे घेऊन जा'

एवढे सारे माहीत असूनही माणसे मरतात ती बहुधा रस्त्यावर. ग्रामीण भागात 'पुढे घेऊन जा' हे तीन शब्द रुग्णाच्या नातेवाइकांना पाठ असतात. आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तेथून उपजिल्हा, तेथून जिल्हा आणि तेथून मुंबई किंवा पुणे. प्रत्येक ठिकाणी कागद नवा, रांग नवी आणि तपासणी नव्याने. अनेकदा यांतल्या पहिल्या ठिकाणी औषध उपलब्ध असते. ते द्यायचे धाडस नसते. लसीची प्रतिक्रिया आली तर? गोळीने रक्तदाब पडला तर? नुकताच पदवी घेऊन बंधपत्राची सेवा करायला आलेला डॉक्टर रात्री एकटा असतो. बाहेर पन्नास माणसांचा जमाव असतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. पण दारात उभ्या असलेल्या जमावाला कलमे वाचून दाखवता येत नाहीत. रुग्ण आपल्या हाती मरू नये, ही भावना त्या डॉक्टरपुरती समजण्यासारखी आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र तो गेलेला तास परत येत नाही.

राज्यात २०१४ पासून '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाल्यावर वाहनाचा प्रश्न पुष्कळ सुटला. घाटमाथ्यावरील वाड्या आणि खाडीपलीकडील गावे यांना तिचा वेळ पुरत नाही, हे वेगळे. पण वाहन वेगवान झाल्याचा एक उफराटा परिणामही संभवतो: गाडी दारात उभी असली की 'आधी पाठवा' असे म्हणणे सोपे होते. सर्पदंशाच्या उपचारांच्या सरकारी सूचना याबाबत स्पष्ट आहेत. विष भिनल्याच्या खुणा दिसत असतील तर लसीची पहिली मात्रा आहे तेथेच द्यायची, आणि मग पाठवायचे. विंचवाच्या बाबतीत पहिली गोळी तोंडात गेल्यावर रुग्णवाहिकेत आडवे ठेवून नेणे आणि गोळीविना नेणे यांत जीवन-मरणाचे अंतर असू शकते.

या मृत्यूंची मोजदाद हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक करण्यास सांगितले. त्यामुळे कोणत्या तालुक्याला किती लस लागते याचा हिशेब पुढेमागे बसू शकेल. ते पत्र सर्पदंशापुरते आहे. विंचवाचा त्यात समावेश नाही.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना हे सारे लागू पडते, कारण वर्षभर बंद असलेल्या घरात त्यांच्याआधी विंचवाने बिऱ्हाड केलेले असू शकते. चपला आणि बूट झटकून घालावेत, लाकडे व पेंढा उचलताना हात थेट घालू नये, रात्री बॅटरी बाळगावी, मुलांना जमिनीवर झोपवायचे झाल्यास मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झालाच तर दोरीने आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये. दंशाची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवावी आणि मूल शांत पडले, अंगाला घाम सुटला, हातपाय थंड लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.